पराते सरांवरचा अहवाल

मुरलीधर पराते सर निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की संस्थेला सरांच्या कामाचा एक अहवाल हवा आहे. या माणसानं अठ्ठावीस वर्षं साकोलीच्या आमच्या कॉलेजात मुलींना फुटबॉल शिकवला. त्यातून कॉलेजच्या हाती काय लागलं, आणि ते गेल्यावर हा खेळ चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्यात यायला हवं होतं. मैदानाच्या जागी नर्सिंगच्या वर्गांसाठी इमारत बांधायचं संस्थेच्या मनात होतं, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. समिती तिघांची झाली. प्राचार्य, अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक आणि मी, ग्रंथपाल. माझंच नाव का, असं मी विचारलं तर प्राचार्य म्हणाले, "तुम्ही त्यांच्या बाजूच्या नाही, मॅडम."

खरंच होतं ते. अकरा वर्षं मी या कॉलेजात आहे आणि अकराही वर्षं मला या माणसाचा संशय येत होता.

सर उंच, बारीक, खांद्यात जरा वाकलेले. घर मोहाडीचं, विणकराचं. वडील आयुष्यभर हातमागावर बसले. सर मात्र लहानपणी चिखल्याला मामाकडं राहिले. मामा मँगनीजच्या खाणीत कामाला होता आणि खाणीच्या वसाहतीतली पोरं रोज संध्याकाळी फुटबॉल खेळत. तिथं जो खेळ पायात शिरला तो परत निघाला नाही. मोहाडीचं मात्र बोटांत राहिलं. नवा बॉल आला की ते डोळे मिटून त्याची शिवण चाचपत, वडील कापडातला सुटलेला धागा शोधत असतील तसे. दहातले चार बॉल ते दुकानदाराला परत पाठवत.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. सामन्याआधी ते सगळं मैदान अनवाणी चालून काढत. खडे वेचलेत असं माळ्यानं शपथेवर सांगितलं तरी चालत. दुसऱ्या कॉलेजात गेले की तिथला चहा घेत नसत. शिट्ट्या दोन बाळगत, एक ऐन वेळी वाजणार नाही म्हणून. पंच ओळखीचं हसला तर तो का हसला असेल याचा परतीच्या बसमध्ये विचार करत. मी नवीन होते तेव्हा एकदा सहज म्हणाले, सर, मुली छान खेळल्या आज. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "काहून म्हणून राहिल्या? काही काम होतं का माह्याकडं?"

त्यानंतर मी त्यांच्याशी फार बोलायला गेले नाही.

मुलींना ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत. समोरची पोरगी बॉल घेऊन आली की तिच्या तोंडाकडं नका पाहू, तोंड फसवते, पायाकडं पाहा. माझ्या ग्रंथालयाची मागची खिडकी मैदानाकडं उघडते, त्यामुळं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुस्तकं देताना मीच कधीकधी पोरांच्या पायांकडं पाहू लागले.

आणि ओळखपत्रं. विरुद्ध संघातल्या प्रत्येक मुलीचं ओळखपत्र तपासल्याशिवाय ते सामना सुरू होऊ देत नसत. मुलींना ओळीत उभं करायचे, फोटोवर बोट ठेवायचे, मग चेहऱ्याकडं पाहायचे, पुन्हा फोटोकडं. जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये त्यांना 'ओळखपत्र सर' असंच म्हणत. बाहेरच्या संघात कॉलेजची नसलेली मुलगी खेळवल्याचं त्यांनी दोनदा पकडलं होतं. तिसऱ्यांदा ते चुकले, आणि त्या दिवशी मी तिथं होते.

मुलींबरोबर एक बाई जावी असा नियम आहे, म्हणून मी लाखांदूरला गेले होते. एसटीनं गेलो. धानकापणी झालेली होती, मैदानाबाहेर बांधांवर बरीच माणसं सामना पाहायला बसली होती. सरांनी नेहमीप्रमाणे ओळ लावली आणि सातव्या मुलीपाशी थांबले. फोटोत लांब केसांची, गोल चेहऱ्याची मुलगी होती. समोर उभी होती ती हडकलेली, डोक्यावर बोटभर केस. सर म्हणाले, ही ती पोरगी नाही. मुलगी म्हणाली, मीच आहे. सरांनी दुसऱ्यांदा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं. मुलगी रडायला लागली. तेव्हा बांधावरून तिचा बाप उठून आला. त्यानं घरून दवाखान्याचा कागद मागवला. मोटरसायकलवरून कागद येईपर्यंत सगळं मैदान थांबून होतं. पोरीला टायफॉईड झाला होता, केस गळून गेले होते. चार महिन्यांनी ती पहिल्यांदा खेळायला उतरली होती.

सरांनी कागद दोनदा वाचला. मग त्या मुलीपुढं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बेटा, माह्यं चुकलं." तिथंच थांबले असते तर ठीक होतं. पण ते पंचाकडं गेले आणि सांगितलं की आमचा संघ आज खेळणार नाही, सामना यांना द्या.

परतताना बसमध्ये आमच्या मुली मुसमुसत होत्या. मला राग आला होता. मी सरांना विचारलं, चूक तुमची होती, हरल्या मात्र या. यांनी काय केलं होतं? ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मला तेव्हा हा सगळा देखावा वाटला. एवढं मोठं प्रायश्चित्त एवढ्याशा चुकीला कोण घेतं, असं मनात येऊन गेलं. काहीतरी वेगळंच आहे असंही वाटलं, पण ते काय, हे सुचलं नाही.

माझा खरा संशय दुसऱ्याच गोष्टीवर होता. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास एक बाई मैदानावर येई. पस्तीस-सदतीसची, काळीसावळी, पातळ खोचलेलं. बाजारात मासोळ्या विकून आलेली असे, कारण रिकामी टोपली ती गोलच्या खांबापाशी उपडी घालून ठेवी. मग तास-दीड तास ती तिथंच असे. सर आणि ती बाजूला उभे राहून बोलत. कधी ती मुलींमध्ये जाऊन काही दाखवी, बहुतेक वेळा नुसती उभी राही. सरांच्या पत्नी मोहाडीला, सर इथं एकटे. स्टाफरूममध्ये आम्ही बायका काय बोलत असू ते सांगायला नको. त्या बोलण्यात मी कमी नव्हते, उलट खिडकी माझीच असल्यामुळं बातम्याही माझ्याच असत.

अहवालासाठी मी ग्रंथालयातले जुने वार्षिकांक काढले. सरांच्या कारकिर्दीत कॉलेजनं विद्यापीठाची स्पर्धा एकदाच जिंकली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. तो चषक प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात होता. त्या वर्षीच्या अंकात संघाचा फोटो होता, खाली नावं, आणि एक ठळक ओळ की अंतिम सामन्यात वैशाली कापगते हिने विजयी गोल केला. मी नावं उतरवून घेत होते. वैशाली कापगते, डावीकडून तिसरी. मी तिसरीकडं पाहिलं. केस घट्ट बांधलेले, भुवया जुळलेल्या, हनुवटी वर. टोपलीवाली बाई होती ती. एकोणीस वर्षांनी लहान, पण तीच.

मी कार्यालयात जाऊन त्या वर्षीच्या प्रवेशाची नोंदवही काढायला लावली. वैशाली कापगते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तिचा फोटोही होता. गोरी, नाजूक, चष्म्याची. म्हणजे फोटोतली ती नव्हतीच. जुन्या शिपायाला मासोळीवालीचं नाव विचारलं. सुनंदा मेश्राम, तलावाकाठच्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, गावची. आपल्याच ज्युनिअर कॉलेजात होती, बारावी नापास झाली आणि सोडून गेली, असं त्यानं सांगितलं. आणि न विचारता आणखी एक सांगितलं. पराते सर आधी असे नव्हते, मॅडम. आधी लय मोकळे होते. कप जिंकला त्याच्यानंतर बदलले.

खोटं वाटेल, पण तेव्हा मला आनंद झाला. सापडला, असं वाटलं. दुसऱ्यांच्या मुलींना ओळीत उभं करणारा माणूस स्वतः खोट्या नावानं मुलगी खेळवून चषक घेऊन आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंक घेऊन जिमखान्यात गेले. सर बाकावर बसून जाळी विणत होते, फाटलेल्या ठिकाणी. मी पान उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि तिसरीवर बोट ठेवलं. जसं ते ठेवत, तसंच. मुद्दामच.

त्यांनी पाहिलं. सुई जाळीत तशीच खोचून ठेवली. "सुनंदा आहे ते," म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी वैशालीला कांजिण्या झाल्या. राखीव मुली नव्हत्याच. सुनंदा आदल्या वर्षी त्यांच्याच हाताखाली खेळलेली, नापास होऊनही मैदानावर यायची सुटली नव्हती. तिच्यासारखी खेळाडू त्यांनी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. त्यांनी वैशालीच्या ओळखपत्रावर सुनंदाचा फोटो चिकटवला. मी म्हणाले, दुसरा इलाज नव्हता म्हणजे. ते म्हणाले, "होता ना. दहा जणींनी खेळता येते, नियम हाय. मले हराचं नव्हतं."

जिंकल्यावर स्टेजवर वैशाली कापगतेचं नाव पुकारलं. सुनंदा चढली, प्रमाणपत्र घेतलं, बसमध्ये सरांच्या हातात दिलं. सरांनी ते वैशालीच्या घरी नेऊन दिलं. पुढं वैशालीचं लग्न झालं, ती छत्तीसगडला गेली. सुनंदा पोलीस भरतीला उभी राहिली तेव्हा तिला खेळाचं प्रमाणपत्र आहे का विचारलं. ती नाही म्हणाली. भरती थोडक्यात हुकली.

"तेव्हा तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं.

"हिंमत नाही झाली." मग म्हणाले, "मी साऱ्यायवर शंका घेतली मॅडम. वाटे, कोणीतरी माह्यावर घेईन. कोणीच घेतली नाही. लिवा तुमी. लपवू नका."

मला त्यावरही विश्वास ठेवायचा नव्हता. मी सरळ म्हणाले की महिन्याभरात तुम्ही निवृत्त होताय, एवढ्या जुन्या गोष्टीवरून आता तुमचं कोणी काही करणार नाही, म्हणून तुम्हाला आत्ता खरं बोलायला सोपं जातंय. त्यांनी मान वर केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं नाही.

"हे शंका बरोबर हाय तुमची," ते म्हणाले, आणि सुई पुन्हा हातात घेतली.

अहवाल लिहायच्या आधी मी सुनंदाकडं गेले. सकाळची वेळ होती. तलावाच्या पाळीवर, बांधावर, ती आणि तिचा नवरा जाळं झटकत होते. मी कोण ते तिला ठाऊक होतं, खिडकीतल्या मॅडम म्हणून. मी का आले, हे तिनं ओळखलं असावं. तिनं नवऱ्याला पुढं पाठवलं आणि पाळीवरच बसली. मला बसायला पोतं झटकून दिलं.

तिनं सांगितलेली हकीकत सरांच्या हकीकतीशी जुळली. एकाच ठिकाणी फरक होता. सर म्हणाले होते, मी तिला नेलं. ती म्हणाली, मीच त्यांच्या मागं लागले होते, मला न्या म्हणून. भरती हुकल्यावर ती दोन वर्षं मैदानाकडं फिरकली नाही. मग सर गावात आले, पोरींना तू शिकव म्हणाले, तेव्हापासून ती रोज जाते. मुलींना ती काय दाखवते, असं मी विचारलं. डाव्या पायानं मारणं, ती म्हणाली, आणि पडल्यावर उठणं. बाकी सगळं सर शिकवतात. मग म्हणाली की गेल्या पाच-सहा वर्षांत सर फारसं शिकवत नाहीत, तीच शिकवते, सर शिट्टी वाजवतात. सरांचा गुडघा गेला आहे. खिडकीतून मला हे इतकी वर्षं दिसत होतं आणि मी वेगळंच पाहत होते.

मी विचारलं, तुझ्या मनात राग नाही?

ती पाण्याकडं पाहत होती. "सरनं मले रोज ग्राउंडवर बोलावलं, ते माह्यासाठी का सोतासाठी, हे मले अजून समजलं नाही मॅडम. विचारलं बी नाही. विचारलं असतं तं त्याईनं खरं सांगितलं असतं, म्हणून नाही विचारलं."

तिचं नाव अहवालात घालू का, असं मी विचारलं. नाव लागत असेल तर लावा, ती म्हणाली, पण त्यावरून पोरींचा खेळ बंद होणार असेल तर नका लावू. तिची मोठी मुलगी पुढच्या वर्षी आमच्याच ज्युनिअर कॉलेजात येणार होती.

समितीच्या बैठकीत मी फोटो आणि नोंदवही समोर ठेवली. अर्थशास्त्राच्या सरांनी चष्मा काढून पुसला. प्राचार्य म्हणाले, हे कशाला उकरून काढलंत? मला आश्चर्य वाटलं. खेळ बंद करायचा तर त्यांना याहून चांगलं कारण मिळालं नसतं. नंतर लक्षात आलं. चषक त्यांच्या खोलीत होता आणि माहितीपत्रकावर दर वर्षी त्याचा फोटो छापला जात होता. इमारत हवी होती, पण चषकही हवा होता.

मी दोन्ही लिहिलं. एकोणीस वर्षांपूर्वीचा चषक खोट्या नावानं जिंकला, तो विद्यापीठाला परत करावा. आणि मुलींचा फुटबॉल गेली पाच-सहा वर्षं प्रत्यक्षात सुनंदा मेश्राम चालवते आहे, तो तिच्याकडंच सोपवावा. दुसऱ्या वाक्यासाठी पहिलं लिहिलं, की पहिल्याचं ओझं हलकं व्हावं म्हणून दुसरं, हे मी स्वतःला अजून धड सांगू शकत नाही. त्या दिवसांत मी माझ्यावरही शंका घ्यायला शिकले होते.

पुरावा समोर असल्यामुळं बाकीच्या दोघांनीही सही केली. विद्यापीठानं चषक परत घेतला, पोच दिली, बाकी काही केलं नाही. संस्थेनं सरांचा निरोप समारंभ रद्द केला. शेवटच्या दिवशी जिमखान्यात चहा आणि चिवडा झाला. सर इथंही चहा न घेता उभे राहिले. कोणी भाषण केलं नाही. आजी-माजी पंचवीसेक मुली आल्या होत्या. त्यातल्या दोघींना सरांचं खरं कळल्यावर राग आला होता, त्यांनी तो तोंडावर बोलून दाखवला. सर मान खाली घालून ऐकत होते. सुनंदा आली नाही. त्या दिवशी तलावावर जाळं टाकायची पाळी तिची होती, असं नंतर कळलं. खरं-खोटं मी विचारलं नाही.

इमारतीचा विषय एका वर्षासाठी पुढं ढकलला गेला. फुटबॉलही एकच वर्ष, तेही बघू म्हणून. नवीन क्रीडाशिक्षक कबड्डीचे आहेत. त्यांना सुनंदाचा भरवसा वाटत नाही, शिकलेली नाही म्हणतात. ती त्यांना घाबरत नाही, म्हणून त्यांचा भरवसा आणखी कमी होतो. पहिला सामना आमच्या मुली तीन गोलांनी हरल्या. दुसरा बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी मैदान राहील की नाही, मला सांगता येत नाही, आणि जे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सर मला त्यानंतर एकदाच दिसले. साकोलीच्या बसस्टँडवर, पेन्शनच्या कामासाठी आले होते आणि भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत होते. पाय लांब करून बसले होते, दुखऱ्या गुडघ्यावर हात. मी शेजारी बसले. त्यांनी मुलींचं विचारलं नाही. बराच वेळ आम्ही उड्डाणपुलावरून जाणाऱ्या ट्रकांकडं पाहत बसलो. माझ्या पिशवीत त्या आठवड्यातल्या सामन्याचा संघाचा कागद होता, प्राचार्यांच्या सहीला न्यायचा होता. मी तो काढून त्यांना दिला. सामना परवा आहे, मी म्हणाले.

तेवढ्यात गाडी लागली. गर्दी उठली. सर कागद हातात घेऊनच चढले, मीही परत मागितला नाही, दुसरा टाईप करून घेता येणार होता. त्यांना खिडकीची जागा मिळाली. त्यांनी कागद मांडीवर पसरला आणि चष्मा लावला. एकेका नावावर बोट ठेवत ते खाली येऊ लागले, ओठ हलत होते. अकरा नावं झाली. खाली आणखी एक ओळ होती. प्रशिक्षक: सुनंदा मेश्राम. तिथं त्यांचं बोट थांबलं. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी मागं आली, वळली. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. बोट तिथंच होतं.